अक्कांनी जमिनीला परत दिलेलं पाणी

वाहता नळ दिसला की अक्का तो बंद करायच्या, मग तो कोणाच्याही घरचा असो. मंठ्याला एका लग्नात पंगतीत बसलेल्या असताना त्यांना मांडवामागे पाइप गळताना दिसला. खरकट्या हाताने त्या तशाच उठल्या, पाइप दुमडला, त्यावर वीट ठेवली आणि परत येऊन पुरी तोडली. नवऱ्या मुलाची आई म्हणाली, "अक्का, राहू द्या हो आजच्या दिवस. लग्न हाय घरात." अक्का म्हणाल्या, "लग्न तुमच्या पोराचं हाय, पानी समद्यांचं हाय. जिलबी वाढा."

आणि याच बाईंचा धंदा होता गाड्या धुण्याचा.

मुलांनो, तुम्ही फोनवर विचारलंत की आपल्या वस्तीतल्या विहिरीत एवढं पाणी दिसत असताना आम्ही प्यायला जार का विकत घेतो. अक्का कोण होत्या हे सांगितल्याशिवाय त्याचं उत्तर देता येणार नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

वाटूर फाट्याकडून मंठ्याकडे जाताना आपलं गाव लागतं. रस्त्याच्या एका बाजूला अक्कांचं शेत, दुसऱ्या बाजूला उतारावर आपली वस्ती. अक्कांचे यजमान त्या रस्त्यावर जीप चालवायचे. ते गेल्यावर नातेवाइकांनी सांगितलं, शेत बटाईने द्या आणि घरी बसा. अक्कांनी जीप विकली, एक प्रेशरचा पंप आणि कॉम्प्रेसर आणला आणि रस्त्यालगत सिमेंटचा रॅम्प बांधून सर्व्हिसिंग सेंटर काढलं. पाटलाच्या घरातली बाई लोकांच्या गाड्या धुणार म्हणून भावकी वर्षभर त्यांच्याकडे जेवायला आली नाही. अक्का म्हणायच्या, "बरं झालं. तेवढाच खर्चा वाचला."

गाड्यांबद्दल त्या जनावरांबद्दल बोलावं तसं बोलत. ट्रॅक्टरवाल्याला दटावत, "हिला कधी आंघोळ घातल्ती? पोळ्याला? बैलाचं नशीब बरं हिच्यापेक्षा." नवी मोटार घेऊन आलेला एखादा डॉक्टर काचा वर करून आत बसून राहिला, तर काचेवर टकटक करून म्हणत, "उतरा साहेब, तुमाला न्हाई धुणार." मी मंठ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. संध्याकाळी बसमधून उतरले की त्या रॅम्पवरून हाक मारत, "बाई, चहा घेऊन जा." आमची मैत्री त्या चहावर झाली. आपल्या वस्तीतल्या बाईबरोबर रस्त्यावर बसून एकाच किटलीतला चहा पिणाऱ्या त्यांच्या घरातल्या त्या पहिल्याच. त्यावरही भावकी बोलली असणार. अक्कांनी मला ते कधी कळू दिलं नाही.

पाण्याची नासाडी मात्र त्यांना आतून खात होती. उन्हाळ्यात गावात टँकर यायचा, हंड्यांची रांग लागायची आणि रस्त्यापलीकडे त्यांच्या पंपातून पाण्याचा फवारा उडत असायचा. "बाई, लोकं बघतेत न् मला लाज वाटून राह्यली," त्या एकदा म्हणाल्या. मग गावात पाणलोटाचे साहेब आले. त्यांनी सभेत समजावून सांगितलं की छतावरचं पावसाचं पाणी वाळू आणि कोळशाच्या थरातून गाळून बंद पडलेल्या बोअरमध्ये सोडलं, तर जमिनीतलं पाणी वाढतं. जमिनीला पाणी परत द्या, असं ते म्हणाले. अक्का पुढच्याच ओळीत बसल्या होत्या. साहेबांनी सांगितलेलं सगळं त्यांनी ऐकलं, फक्त "छतावरचं पावसाचं" एवढे शब्द त्यांना महत्त्वाचे वाटले नाहीत.

रॅम्पच्या मागे त्यांची एक बोअर होती. खूप खोल जाऊनही तिला थेंब लागला नव्हता. त्या बोअरभोवती अक्कांनी खड्डा घेतला, तळाला दगड, मग खडी, वाळू आणि वर कोळसा टाकला, बोअरच्या पाइपला भोकं पाडली आणि गाड्या धुतलेलं सगळं पाणी त्यात वळवलं. चिखल वर राहायचा. पाइपात डबा सोडून वर काढला तर पाणी नितळ दिसायचं. त्या नितळ पाण्यात किती डिझेल, किती ग्रीस, किती साबण विरघळलाय हे डोळ्यांना दिसत नाही. अक्कांचा मुलगा संतोष येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते दाखवायचा. गावोगावची माणसं बघायला आली. पंचायतीने त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला आणि त्या सभेत भाषण कोणी केलं? आपल्या गुरुजींनी. गुरुजी म्हणजे तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ, वस्तीतले पहिले शिक्षक. "अक्कांनी घेतलेलं पाणी जमिनीला परत दिलं," असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. अक्कांनी ती शाल त्या दिवशी कामावरही काढली नाही. तिला ग्रीसचा डाग पडला.

आता विहिरीबद्दल. छप्पन सालानंतर, आपण बौद्ध झाल्यावर, गावाच्या विहिरीवरचं भांडण विकोपाला गेलं तेव्हा वस्तीतल्या माणसांनी स्वतः पहार आणि टिकाव घेऊन ती खोदली. माझ्या सासूबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. त्यांनी डोक्यावरून दगड वाहिले. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला घर दाखवायच्या आधी विहीर दाखवली. दुष्काळातही ती कधी पूर्ण आटली नाही. कोणाच्या उपकाराचं नाही असं आमच्याकडे तेवढंच पाणी होतं.

सत्कार झाल्याला पुरतं वर्ष झालं नसेल. शेजारची शोभा माझ्याकडे पातेलं घेऊन आली. "काकू, वास घेऊन बघा." तुरीची डाळ शिजत घातली होती, तिच्यावर पांढरा फेस चढला होता. डाळीला फेस येतोच, पण हा फेस पळीने काढला तरी पुन्हा येत होता आणि वरणाला डिझेलचा वास होता. आम्ही विहिरीवर गेलो. पाण्याच्या कडेने, दगडांना चिकटून, साबणाच्या बुडबुड्यांची बारीक किनार होती. मधल्या पाण्यावर ऊन पडलं तेव्हा निळा-जांभळा तवंग चमकला.

त्या आठवड्यात वस्तीतल्या लहान मुलांच्या अंगाला खाज सुटली. दोघांना जुलाब लागले. मंठ्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाण्याचाच विचारला. गुरुजी सकाळ-संध्याकाळ विहिरीवर जाऊन बघू लागले आणि त्यांच्या लक्षात आलं की बाजाराच्या दिवसानंतर फेस वाढतो. बाजाराच्या दिवशी अक्कांच्या रॅम्पवर गाड्यांची रांग असते. गुरुजी घरात आले, टोपी खुंटीला अडकवली आणि मला म्हणाले, "तुझ्या मैत्रिणीने आमच्या विहिरीत विष सोडलंय."

मी त्यांना म्हटलं, आधी मला जाऊ द्या. ते थांबले नाहीत. वस्तीतले काही तरुण बरोबर निघाले. त्यातल्या एकाच्या हातात लोखंडी पाना होता. तो कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाला, "काही न्हाई काकू, पंप खोलायला." मी त्यांच्या मागे जवळजवळ पळतच गेले.

अक्का रॅम्पखाली एका जीपचा चिखल काढत होत्या. गुरुजींनी सगळं सांगितलं. अक्का उभ्या राहिल्या, हात पदराला पुसले.

"गुर्जी, तुमच्याच तोंडानं तुमी भाषण ठोकलं होतं. तवा ते पानी तीर्थ होतं न् आता विष झालं?"

"तेव्हा वरण नासलं नव्हतं," गुरुजी म्हणाले.

"वाळूतून गाळून जातंय. कोळसा हाय. आजून काय करू, पाटी देऊन शाळेत धाडू त्याला?"

संतोष पुढे आला. "आमच्याच बोअरनं झालं कशावरून? नाल्यात ट्रॅक्टर धुतेत ते दिसत न्हाई का तुमाला? का आमीच दिसतो?"

हातात पाना असलेला तरुण म्हणाला, "तुमीच दिसता. वर बसलेले हाव ना तुमी."

त्या एका वाक्याने सगळं जुनं वर आलं. रॅम्पवरचा जीपवाला गुपचूप चावी लावून निघून गेला. अक्कांच्या भावकीतले दोघे रस्ता ओलांडून येताना मला दिसले. अशा वेळी कोण आधी हात उचलतो एवढाच प्रश्न उरतो, आणि नंतर ते कधीच कोणाला खरं आठवत नाही. मी अक्कांचं मनगट धरलं. म्हटलं, "अक्का, लेकरं आजारी आहेत. बोअर कोणाची, वस्ती कोणाची, ते नंतर बघू."

अक्कांनी हात सोडवून घेतला. भावकीतल्या दोघांना म्हणाल्या, "तुमाला कोनी बोलावलं? चहा न्हाई आज. जा." मग गुरुजींकडे वळल्या.

"आइका. आजपासून दसऱ्यापर्यंत मी एक गाडी धूत न्हाई. एक थेंब बोअरमधी जानार न्हाई. दसऱ्याला विहिरीवर येते. पानी साफ झालं तर चूक माझी, बोअर बुजवून टाकीन. न्हाई झालं, तर समद्यांसमोर तुमी माफी मागायची. बराबर?"

"बरोबर," गुरुजी म्हणाले.

दसऱ्याच्या आधीचे ते दिवस म्हणजे त्यांचा वर्षाचा हंगाम. खंडेनवमी-दसऱ्याला ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल सगळ्यांची पूजा असते, आणि धुतल्याशिवाय पूजा कोण करणार? गाड्या वाटूरपासून यायच्या. त्या वर्षी अक्कांनी रॅम्पवर आडवं लाकूड ठेवलं आणि त्यासमोर खाट टाकून बसल्या. गाडी आली की म्हणत, "बंद हाय. दसऱ्याला दुपारून या." संतोष आईशी बोलेनासा झाला. मी बसमधून उतरल्यावर चहाची हाक येत नव्हती. त्या मला बघायच्या, मी त्यांना बघायची. वस्तीत मला ऐकू जाईल असं बोललं जायचं की बाईंना पाटलाचा चहा गोड लागतो. रस्त्याच्या त्या बाजूला अक्कांनाही काही ऐकवलं जातच असेल.

रोज सकाळी मी बादली टाकायची. फेस कमी झाला. वास गेला नाही. एक दिवस वाटलं गेला, दुसऱ्या दिवशी परत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी बादलीत तवंग पुन्हा दिसला. मी बादली गुरुजींच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी वाकून वास घेतला. "म्हणजे तिच्या बोअरचं नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे मी माफी मागायची." आणि आत जाऊन पांढरा सदरा इस्त्रीला काढला. आपला शब्द त्यांनी कधी फिरवला नाही, पण त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

दसरा आपल्याकडे अशोक विजयादशमीचा दिवस. विहारासमोर पांढरे कपडे घातलेली सगळी वस्ती जमली होती. सामुदायिक जेवणाचा भात जारच्या पाण्यात शिजत होता. वंदना झाल्यावर आम्ही विहिरीवर गेलो आणि अक्का आल्या. एकट्याच. रस्त्यापलीकडे त्यांच्या रॅम्पसमोर ट्रॅक्टरची रांग लागली होती आणि संतोष पंपाच्या बटनाशी उभा होता, हे आम्हाला विहिरीवरून स्पष्ट दिसत होतं. पाणी साफ झालं नाही ही बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती.

अक्कांनी कोणाला न विचारता दोर घेतला आणि बादली सोडली. त्यांच्या घरातल्या कोणी त्या विहिरीतून पाणी शेंदलेलं मी पाहिलं नव्हतं. बादली वर आली. गुरुजी दोन पावलं पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "अक्का, मी सर्वांसमोर..."

"जरा थांबा गुर्जी."

त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, नाकाशी नेलं. मग दोन बोटं पाण्यात बुडवून अंगठ्यावर घासली, जशी त्या गाडीच्या पत्र्यावर साबण राहिलाय का हे बघताना घासत. पुन्हा घासली. त्यांच्या पंपात जो साबण होता तो जालन्याहून कॅनने यायचा. त्याला लिंबाच्या गोळीसारखा वास होता, आणि तोच वास या पाण्यात होता. आम्हा सगळ्यांना इतके दिवस फक्त डिझेलच जाणवत होतं. अक्कांनी बादली खाली ठेवली.

त्यांचा मोबाइल वाजला. समोरून संतोष हात हलवत होता. अक्कांनी फोन कानाला लावला.

"आई, करू का चालू?"

"न्हाई."

"आगं, जिंकलो ना आपण!"

"पानी आपलंच हाय, संतोष. पंप बंद ठेव." त्यांनी फोन ठेवला आणि गुरुजींकडे बघितलं. "हात खाली घ्या. वरीसभर ओतून ठेवलंय मी खाली. चार दिवस वरून बंद केल्यानं ते जाईल व्हय कुठं? मी पैज भलतीच लावली. हे माझं हाय."

पाना घेऊन आलेला तो तरुण खाली बघत होता. मग गुरुजी म्हणाले, "अक्का, तुम्ही कबूल केलं, पण त्यानं पाणी गोड होत नाही."

"न्हाई होत," अक्का म्हणाल्या.

रांगेतले ट्रॅक्टर तसेच चिखलाचे वाटूरकडे गेले. दुसऱ्या दिवशी अक्कांनी गाड्या धुण्याचा पंप खोलायला लावला आणि शेतातली मोटार आपल्या विहिरीवर आणली. विहीर उपसायची ठरली. उपसलेलं पाणी सोडायचं कुठे, हा प्रश्न होता. खाली नाला आहे आणि नाल्यावर पुढच्या गावाची गुरं. अक्का म्हणाल्या, "माझी घान माझ्या रानात." रस्त्याखालच्या नळीतून पाइप टाकून ते पाणी त्यांनी आपल्या तुरीच्या तुकड्यात सोडलं. काळ्या मातीवर पांढरा फेस पसरत गेला. तूर फुलावर होती. त्या तुकड्यात नंतर बरीच वर्षं त्यांनी काही पेरलं नाही आणि त्याबद्दल कोणाला बोलूही दिलं नाही. बोअरमध्ये मुरूम आणि सिमेंट ओतून ती बुजवली. विहीर भरली की उपसायची, भरली की उपसायची, असं उन्हाळा संपेपर्यंत चाललं. मोटारीशी त्या स्वतः बसत. कोणी चहा दिला तर घेत, नाही दिला तर मागत नसत. पहिल्यांदा चहा नेऊन दिला तो शोभाने.

सर्व्हिसिंग सेंटर पुन्हा उघडलं नाही. संतोषने त्या जागेवर टायर-पंक्चरचं दुकान टाकलं. आज त्या रस्त्यावर दुसरी सेंटरं आहेत, सगळ्यांचं पाणी सरळ नाल्यात जातं. अक्का बसमधून जाताना ती दिसली की ड्रायव्हरला बस थांबवायला लावत आणि खिडकीतून ओरडत, "ए भाऊ, तुमचं पानी कुठं जातंय?" लोक हसायचे. एक-दोघांनी तेल अडवायच्या टाक्या बांधल्या. बाकीच्यांनी अक्का दिसल्या की शटर अर्धं ओढून घ्यायची सवय लावली.

दर उन्हाळ्याच्या तोंडाशी मी विहिरीच्या पाण्याची बाटली भरून तपासायला जालन्याला पाठवते. निकाल कळला की अक्का लगेच विचारत, "काय म्हनलं?" मी सांगायची, "सुधारतंय, पण प्यायला अजून नाही." त्या मान हलवत आणि दुसरं काहीतरी बोलू लागत.

अक्कांनी शेवटचं आजारपण जालन्याच्या दवाखान्यात काढलं. मी भेटायला गेले तेव्हा संतोषने मला दाराबाहेर गाठलं. "काकू, आई पाण्याचं विचारेल. या वर्षी चांगलं आलं म्हणून सांगा. काय जातंय आपलं? सुखानं जाईल ती." तो रडत होता. मी आत गेले. खाटेशी बसले. अक्कांनी डोळे उघडले. सून कशी, गुरुजी कसे, असं काही विचारलं नाही.

"पानी?"

संतोष खाटेच्या पायथ्याशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, अर्ध्या गुणासाठी कोणी रडलं म्हणून कधी वाढवला नाही. पण ही परीक्षा तशी नव्हती. मला वाटलं, होच म्हणावं. तोंडापर्यंत आलं होतं.

"अजून नाही, अक्का," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, मी फार निष्ठुरपणा केला. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "बरं झालं, खरं सांगितलं बाई. चांगलं म्हनल्या असत्या, तर मी संतोषला म्हनले असते, वस्तीत सांग, लेकरांना प्यायला द्या. माझं आइकून दिलं असतं कोनी."

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत.

या वर्षी बाटली भरून पाठवली. निकाल आला तेव्हा सवयीने फोन हातात घेतला, आणि मग संतोषला लावला. तो टायरच्या दुकानात होता, मागे हवा भरण्याचा आवाज येत होता. त्याने विचारलं, "काय म्हनलं काकू?"

मी सांगितलं, "अजून नाही."

"बरं," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी पुन्हा धाडा."